१६-२५ रेलकार्ड : एकट्याला फायद्याचं, टोळीला हिशेब करून

ब्रिटनमध्ये शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सीनियर सांगतो, ‘आधी रेलकार्ड काढ.’ म्हणजे १६ ते २५ वयाच्या प्रवाशांना रेल्वेच्या तिकिटावर सूट देणारं कार्ड. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. एकट्यादुकट्याने फिरणाऱ्याने हे कार्ड डोळे मिटून घ्यावं. चार-पाच जणांची टोळी दर शनिवारी एकत्र निघत असेल, तर मात्र कित्येकदा एकाकडेही कार्ड नसताना तेवढीच सूट मिळते. कार्ड विकणारा हे आपण होऊन सांगत नाही.

आधी पैसे. मार्च २०२५ पासून एका वर्षाचं कार्ड ३५ पौंडांना, तीन वर्षांचं ८० पौंडांना. सूट तिकिटाच्या एक तृतीयांश. म्हणजे वर्षभरात मूळ दराने १०५ पौंडांचा प्रवास झाला की कार्डाची किंमत वसूल. लांबच्या दोन-तीन सहलींत तेवढं होऊन जातं. तीन वर्षांचं कार्ड फक्त १६ ते २३ वयात काढता येतं. एका वर्षाच्या मास्टर्सनंतर ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षण संपल्यावर ब्रिटनमध्ये राहून काम करायचा व्हिसा) थांबायचा विचार असेल तर तेच घ्या, कारण एकेक वर्षाची दोन कार्डं ७० पौंडांना पडतात आणि वरच्या १० पौंडांत तिसरं वर्ष मिळतं. कोर्स संपताच परतणाऱ्याला एक वर्ष पुरे.

वयाचा नियम नीट वाचा. सव्विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत कार्ड काढता येतं आणि ते मुदत संपेपर्यंत चालतं. वाढदिवस तोंडावर आला असेल तर जुन्या कार्डाचे महिने शिल्लक असले तरी नवं काढण्याचा हिशेब करून बघा. दोन-तीन वर्षं नोकरी करून मास्टर्सला आलेले अनेक जण २६ च्या पुढचे असतात. त्यांच्यासाठी २६-३० रेलकार्ड आहे. किंमत तीच, सूट तीच, फक्त ते मोबाइलवरच मिळतं. तिशीच्या पुढच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यालाही १६-२५ मिळू शकतं, पण त्यासाठी विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो आणि कार्ड एकाच वर्षाचं.

शनिवार-रविवारी हे कार्ड सरळ चालतं. गोची होते ती शुक्रवारी सकाळी. सोमवार ते शुक्रवार पहाटे ४.३० ते सकाळी १० या वेळेत १२ पौंडांचं किमान भाडं लागू असतं. मूळ तिकीट १५ पौंडांचं असेल तर सूट देऊन साधारण १० व्हायला हवं, पण या वेळेत १२ च द्यावे लागतात. आगाऊ काढलेल्या ॲडव्हान्स तिकिटांना, सार्वजनिक सुट्ट्यांना आणि जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नाही. (२६-३० वाल्यांना जुलै-ऑगस्टची सवलत नाही.) आता खरा सापळा बघा. ॲपमध्ये दुपारची गाडी निवडून ‘एनीटाइम’ तिकीट काढलं की ते १० पौंडांना मिळतं. तिकिटावर तर लिहिलेलं असतं ‘एनीटाइम’, कधीही. माणूस बेत बदलून सकाळी ९ च्या गाडीत बसतो आणि टीसीच्या लेखी तो दोन पौंड बुडवणारा प्रवासी ठरतो. एवढ्याशा फरकासाठी तरुण प्रवाशांवर खटले भरले गेले आणि २०२४ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. शुक्रवारी लेक्चर बुडवून लवकर निघायचं असेल, तर ॲपमध्ये प्रत्यक्ष जी गाडी पकडणार तिचीच वेळ टाका. फरकाची रक्कम ॲप स्वतःच लावतं.

आता टोळीचा हिशेब. तीन ते नऊ जण एकत्र, ऑफ-पीक म्हणजे कमी गर्दीच्या वेळेत निघाले तर ‘ग्रुपसेव्ह’ नावाची सवलत मिळते. सूट तीच, एक तृतीयांश. कार्ड नको, वयाची अट नाही, फी नाही. मात्र सगळ्यांनी संपूर्ण प्रवास एकत्रच करायचा, रेलकार्डाची सूट त्यावर चढत नाही, ॲडव्हान्स तिकिटांवर ती मिळत नाही, आणि सगळ्या रेल्वे कंपन्या ती देतही नाहीत. म्हणून पद्धत अशी ठेवा: आधी ॲपमध्ये प्रवाशांची संख्या टाकून रेलकार्डाविना भाव बघा. ग्रुपसेव्ह लागू असेल तर बहुतेक ॲप ते आपोआप लावतात. मग रेलकार्डं टाकून ॲडव्हान्सचा भाव बघा. लांबच्या मार्गावर, दोन-तीन आठवडे आधी काढलं तर ॲडव्हान्स अधिक रेलकार्ड जवळजवळ नेहमी जिंकतं. जवळच्या मार्गावर, ऐन वेळी ठरलेल्या सहलीत ग्रुपसेव्ह. पाचातला एक जण रविवारी दुपारीच परतणार असेल, तर त्याचं परतीचं तिकीट वेगळं काढा. ग्रुपसेव्हच्या तिकिटावर एकटं फिरता येत नाही.

नेहमी जोडीनेच फिरणारे रूममेट असतील तर ‘टू टुगेदर’ रेलकार्डाकडे बघा. एकच कार्ड, ३५ पौंड, दोघांची नावं आणि फोटो. माणशी साडेसतरा पौंड. पण कामाच्या दिवशी सकाळी ९.३० च्या आधी ते चालत नाही, आणि जोडीदार आजारी पडला की त्या दिवशी कार्डाचा शून्य उपयोग. जोडी मोडली तर काय, हा प्रश्न वाचकांनी आपापसांत सोडवावा.

सर्वाधिक चुका होतात त्या एकाच माणसाने सगळ्यांची तिकिटं काढताना. चार प्रवासी आणि दोन कार्डं असतील तर ॲपमध्ये रेलकार्डाची संख्या २ टाकायची असते. घाईत ४ पडते, तिकीट स्वस्त दिसतं, सगळे खूश. डब्यात टीसी प्रत्येक सवलतीच्या तिकिटामागे एक कार्ड मागतो. कार्ड दाखवता आलं नाही तर पुन्हा पूर्ण भाडं किंवा दंड. इंग्लंडमध्ये दंडाची रक्कम १०० पौंड आणि वर एका बाजूचं भाडं. २१ दिवसांत भरलं तर १०० चे ५० होतात.

दुसरी अडचण त्याहून साधी. चारही ई-तिकिटं एकाच्या फोनमध्ये. स्टेशनच्या गेटवर तो स्वतःचा कोड दाखवून आत जातो, गेट बंद होतं, उरलेले तिघे बाहेर, मागे रांग. मग पलीकडून हात लांब करून फोन पुढे करायचा खेळ सुरू होतो. डब्यातही तो खिडकीजवळ झोपलेला आणि बाकीचे दोन डबे सोडून. बुकिंग झाल्याझाल्या प्रत्येकाचं तिकीट पीडीएफ करून ज्याच्या त्याच्याकडे पाठवा, आणि गेटवर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. मंद स्क्रीनवरचा कोड यंत्राला वाचता येत नाही.

तिकिटाचा प्रकार निवडताना फक्त भाव बघू नका. ॲडव्हान्स ठरलेल्या गाडीचंच. ती चुकली की तिकीट गेलं. मधल्या स्टेशनला उतरून फिरणंही त्यात बसत नाही. ऑफ-पीक महाग, पण बहुतेक मार्गांवर मध्ये उतरायची मुभा असते, आणि वीकेंड सहलीत तिचं मोल मोठं आहे. लीड्सहून एडिंबराला जाताना वाटेत यॉर्क, डरहॅम, न्यूकॅसल लागतात. सकाळच्या गाडीने डरहॅमला उतरायचं, कॅथीड्रल बघायचं, जेवायचं आणि दुपारच्या गाडीने पुढे. एका तिकिटात दोन गावं. डरहॅमचं स्टेशन उंचावर आहे, गावात उतरणं सोपं, परत चढताना बॅगा जाणवतात. गाडीच्या वेळेत दहा मिनिटं जास्त धरा. शुक्रवारी संध्याकाळी लंडनहून निघणाऱ्यांनी एवढं पाहावं की काही मार्गांवर त्या वेळेलाही ऑफ-पीक तिकीट चालत नाही.

तिकीट तोडून घेणं, म्हणजे अ ते क ऐवजी अ ते ब आणि ब ते क, हे पूर्ण कायदेशीर आहे. अट एकच: गाडी ब ला थांबली पाहिजे. उतरायची गरज नाही. रेलकार्ड दोन्ही तुकड्यांवर चालतं. बुकिंग फी घेणारी ॲप टाळा. रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर कुठल्याही कंपनीचं तिकीट फीशिवाय मिळतं.

या देशात रविवार हा रुळांच्या दुरुस्तीचा दिवस. गाडीऐवजी बस येते आणि दीड तासाचा प्रवास तीन तासांचा होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी नॅशनल रेलच्या साइटवर परतीची वेळ पुन्हा तपासा, बुकिंगच्या दिवशीचं वेळापत्रक धरून बसू नका. व्हिटबीसारख्या फाट्यावरच्या गावी दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, तिथे एक चुकली की संध्याकाळ गेली. २५ डिसेंबरला गाड्या बंद असतात आणि २६ ला जवळजवळ बंद. उशीर झाला तर ‘डिले रिपे’ या भरपाईचा दावा २८ दिवसांच्या आत करा. बहुतेक कंपन्या १५ मिनिटांना त्या बाजूच्या भाड्याचे २५ टक्के, ३० मिनिटांना ५० टक्के आणि तासाभराला पूर्ण रक्कम देतात. सवलतीच्या तिकिटावरही मिळते. टोळीतले तीन जण हा दावा करायचा आळस करतात, असं सर्वत्र दिसतं.

लंडनमध्ये राहणाऱ्यांनी एक काम नक्की करावं: रेलकार्ड ऑइस्टर कार्डाला (शहरातल्या प्रवासाचं टॅप करायचं कार्ड) जोडून घ्यावं. ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) स्टेशनवर तिकीट यंत्राजवळच्या कर्मचाऱ्याला दोन्ही कार्डं दाखवली की मिनिटभरात होतं. मग ऑफ-पीक भाडं आणि दिवसभराच्या ऑफ-पीक भाड्याची कमाल मर्यादा, दोन्ही एक तृतीयांशाने उतरतात. शनिवार-रविवार दिवसभर ऑफ-पीक. बँकेच्या कार्डाने किंवा फोनने टॅप केलं तर ही सूट नाही. रेलकार्डाचं नूतनीकरण केलं की ऑइस्टरला पुन्हा जोडावं लागतं, ते आपोआप होत नाही.

स्टेशनबाहेर कार्डाचा जोर ओसरतो. लेक डिस्ट्रिक्टमध्ये विंडरमिअरला उतरून अँबलसाइड किंवा केसिकला जाणाऱ्या ५५५ नंबरच्या बसमध्ये ते चालत नाही. (इंग्लंडमध्ये २०२५ पासून बहुतेक बसचं एका वेळचं भाडं ३ पौंडांपर्यंत मर्यादित आहे, त्यामुळे फार बिघडत नाही.) ट्रेनच्या तिकिटासोबत शहरातल्या बसचा दिवसभराचा ‘प्लसबस’ घेतला तर मात्र त्यावर सूट मिळते. उत्तर आयर्लंडमध्ये हे कार्ड चालत नाही.

प्लास्टिकचं घ्यावं की मोबाइलवरचं? किंमत एकच. मोबाइलवरचं लगेच मिळतं आणि दोन उपकरणांवर ठेवता येतं, तेव्हा फोनसोबत टॅबवरही टाकून ठेवा. बॅटरी संपलेला फोन म्हणजे टीसीच्या दृष्टीने कार्ड नाही. कार्ड खरंच घरी राहिलं आणि भुर्दंड बसला, तर बारा महिन्यांतून एकदा ती रक्कम परत मागता येते. त्यासाठी मूळ तिकीट आणि नवी पावती दोन्ही लागतात. वैतागून तिथेच फाडू नका.