व्हॉइड लिनक्स आणि रनिट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉप जुना आहे. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली. गेले नऊ महिने त्यावर रोज व्हॉइड लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवतोय. दिवसभर भाषांतराचं काम, मध्येच थोडं पायथन, बाकी ब्राउझर.

व्हॉइड हे डेबियन किंवा उबुंटूवरून काढलेलं नाही. नेटबीएसडीवर काम केलेल्या हुआन रोमेरो पार्दिनेस यांनी एक्सबीपीएस हा आपला पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारा आणि अपडेट करणारा प्रोग्राम) पारखून बघायला २००८ साली ते सुरू केलं. मशीन सुरू करून सर्व्हिसेस सांभाळायचं काम बहुतेक लिनक्समध्ये सिस्टमडी करतं; त्याच्या जागी यात गेरिट पापे यांचं रनिट आहे. त्याचे टप्पे तीन: पहिल्यात मशीनची एकदाच करायची तयारी, दुसऱ्यात सगळ्या सर्व्हिसेस (सतत चालू राहणारे प्रोग्राम), तिसऱ्यात बंद होणं. तिन्ही साध्या शेल स्क्रिप्ट. एका संध्याकाळी बसून सगळ्या वाचल्या आणि माझं मशीन सुरू कसं होतं हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट कळलं. मी इथे टिकलो तो याच कारणाने. बूट झटपट होतं हे खरं, पण त्याचं बरंचसं श्रेय एसएसडीचं आहे.

सर्व्हिस चालू करायची म्हणजे तिच्या फोल्डरची सिमलिंक (त्याच्याकडे बोट दाखवणारी खूण) ठरलेल्या जागी टाकायची. पाचेक सेकंदांत ती उठते. लिंक काढली की बंद.

खरी परीक्षा झाली ती कामाच्या व्हीपीएनमुळे. त्याचं सॉफ्टवेअर सिस्टमडी गृहीत धरूनच बनवलेलं. त्याची युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी) उघडली, प्रोग्राम सुरू करणारी ओळ उचलली आणि रनिटसाठी दोन ओळींची रन स्क्रिप्ट लिहिली. स्टेटस बघितलं तर ‘रन’, पण वेळ कायम शून्य किंवा एक सेकंद आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दर वेळी नवा. सर्व्हिस थांबवून तीच कमांड टर्मिनलमध्ये हाताने दिली, तेव्हा उत्तर आलं: पोर्ट आधीच वापरात आहे. मग ब्लूटूथची तयार स्क्रिप्ट उघडून बघितली. तिच्या शेवटच्या ओळीत ‘-एन’ दिसला आणि उलगडा झाला. तो स्विच प्रोग्रामला बॅकग्राउंडला जाऊ देत नाही. माझा प्रोग्राम सुरू होताच बॅकग्राउंडला पळत होता. रनिटला वाटायचं तो मेला, म्हणून सेकंदाभराने दुसरा उठवायचा, आणि पहिल्याने पोर्ट अडवलेलं असल्यामुळे दुसरा लगेच पडायचा. अडकलेला प्रोसेस मारला, फोरग्राउंडचा पर्याय दिला, पुढे ‘एक्झेक’ लावलं, म्हणजे स्क्रिप्टच्या जागी थेट तो प्रोग्रामच चालतो. चहा करून आलो तेव्हा स्टेटसमध्ये ४१२ सेकंद होते. त्यानंतर त्या स्क्रिप्टला हात लावावा लागलेला नाही.

त्याच ब्लूटूथच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ आहे: डीबस (प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारी सर्व्हिस) तयार नसेल तर बाहेर पड. पडलं की रनिट पुन्हा उठवतं, तोवर डीबस आलेलं असतं. कोणी कोणाआधी यायचं याचं वेगळं कोष्टकच नाही. मला ही रचना फार आवडते.

त्रासही सांगतो. सुरुवातीला वायफाय तुटायला लागलं म्हणून लॉग (सिस्टीमने ठेवलेल्या नोंदी) बघायला गेलो, तर लॉगच नव्हते. सिस्टीमचे लॉग हवे असतील तर सॉकलॉग स्वतः बसवावं लागतं. ते पहिल्याच दिवशी बसवा. तरी एका सर्व्हिसचे लॉग वेळेनुसार चाळायची सिस्टमडीतली सोय मला अजून आठवते, ती इथे नाही. झाकण लावलं की लॅपटॉप झोपायचा, उघडलं की जागा होऊन लगेच परत झोपायचा. एसीपीआयडी आणि ईलॉगइंड या दोन्ही सर्व्हिसेस झाकणाकडे लक्ष ठेवून होत्या. एसीपीआयडीची लिंक काढली, प्रश्न मिटला. अपडेटनंतर जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) आपोआप निघत नाहीत. माझं बूट पार्टिशन लहान, ते भरलं आणि अपडेट अर्ध्यात अडकलं. आता महिन्यातून एकदा ते काढून टाकणारी व्हीकेपर्ज ही कमांड चालवतो.

मराठी टायपिंगसाठी वेगळी सर्व्हिस लागली नाही. एक्सकेबीमध्ये (कीबोर्डचे लेआउट सांभाळणारी व्यवस्था) मराठी कागापा लेआउट असतोच. नोटो फॉन्ट टाकले, जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात.

अपडेट आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, हातात वेळ असताना करतो.

आईच्या मशीनवर मात्र डेबियनच ठेवलंय. तिथे काही अडलं तर मला फोनवरून सांगावं लागतं, आणि सिमलिंक कुठे टाकायची हे फोनवर सांगत बसायची माझी तयारी नाही.