बाथरूममध्ये आरशाचं कपाट की उघडी स्टीलची रॅक? इंदूरच्या पाण्यात आम्हाला काय सोयीचं पडलं

बाथरूम आवरायला काढलं की प्रश्न शेवटी इथेच येतो, सामान दाराआड ठेवायचं की डोळ्यांसमोर. आमच्याकडे दोन्ही वापरून झालंय. आधी पीव्हीसीचं आरशाचं कपाट होतं, आता जाळीच्या तळाची स्टीलची रॅक आहे, आणि हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी फ्लॅटचं काम काढलं की हेच विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. साध्या प्लायवूड-एमडीएफचा विचारच करत नाही, ओल्या बाथरूममध्ये ते फुगतंच.

कपाटाच्या बाजूने बोलायचं तर दार लावलं की पसारा दिसत नाही, पाहुणे यायच्या आधी हे फार बरं वाटतं. कंगवे, दाढीचं सामान, आईची वज्री आणि उटण्याचा डबा, सगळं आत. आरसा वेगळा लावायचा खर्च वाचतो. छोट्या बाथरूममध्ये हा हिशोब पटतो, आम्हालाही पटला होता.

पण त्या कपाटात आरसा हेच दार असतं, आणि आमचं सगळं तिथेच अडलं. डोक्यावर पाणी घेतलंय, शाम्पू हवाय, की ओला हात थेट आरशाला. आता इंदूरमध्ये बऱ्याच भागांत नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, ७० किलोमीटरवरच्या जलूदहून येणारं ते पाणी पुरलं तर ठीक, नाहीतर टाकीत बोरिंगचं पाणी मिसळतं, आणि माळव्याच्या काळ्या दगडातलं बोरिंगचं पाणी किती जड असतं हे ज्याच्या गीझरची कॉइल गेलीय त्याला वेगळं सांगायला नको. ते बोट वाळलं की आरशावर पांढरा ठिपका. ओल्या फडक्याने पुसा, तर फडक्यातही तेच पाणी, वाळल्यावर आरसा परत धुरकट. दाराच्या खालच्या कोपऱ्याला, जिथे सगळेच बोट घालून ओढतात, तिथे तर पांढरा पट्टाच धरला होता, आणि बाबा दाढी करताना मान तिरपी करून त्या पट्ट्याच्या बाजूने बघायचे. सकाळच्या घाईत आरसा कोणी पुसायचा यावरून रोज कुरबुर. हा थर क्षाराचा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसलं की सुटतो हे खरं, पण व्हिनेगर आरशाच्या कडेतून आत गेलं तर मागचा मुलामा काळा पडायला लागतो, म्हणजे तेही जपूनच. दुसऱ्या कुणाला ही गोष्ट किरकोळ वाटेल, माझ्यासाठी तिथेच निकाल लागला.

दुसरं म्हणजे दाराआड गेलेलं सामान कमी होत नाही. कपाट काढताना आतून एकाच क्रीमच्या अर्ध्या-अर्ध्या ट्यूब, हॉटेलातल्या शाम्पूच्या बाटल्या, रंग उडालेले ब्रश, आणि मागच्या रांगेत कधीतरी आणलेल्या गोळ्यांची पाकिटं निघाली. गोळ्या तर बाथरूममध्ये नकोतच, वाफेने आणि गरमीने खराब होतात. क्रीम-लोशनच्या पाठीवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२एम असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर १२ महिने, ते बघून निवड करा, फार सोपं जातं. टाकायचं ते सगळं एका पिशवीत कोंबू नका, आपल्या कचरागाडीला सहा खाने आहेत, जुनी औषधं घातक कचऱ्यात, पॅड-डायपर सॅनिटरीत, धुतलेल्या बाटल्या प्लॅस्टिकमध्ये.

आता रॅक. ती दिसायला कपाटाइतकी नीटनेटकी नाही, हे आधीच मान्य. शिंतोडे उडतात, पांढरे डाग तिच्यावरही पडतात. पण ते डाग तोंडासमोर नसतात, आठवड्यातून एकदा व्हिनेगरचा हात फिरवला की भागतं, आणि त्याच दिवशी फरशीला ब्लीच वापरत असाल तर दोन्ही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो. जाळीतून पाणी निथळतं त्यामुळे बाटलीच्या बुडाशी तो बुळबुळीत थर धरत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जागाच मोजकी असल्यामुळे नवी बाटली आणली की जुनी संपवावी लागते. बायकोला आधी सगळं उघड्यावर नको होतं, आता तीच पाहुण्यांना सांगते की असं करून घ्या.

घेताना एकच बघा, स्टील ३०४ ग्रेडचं असावं. सियागंजमध्ये दुकानदार चुंबक लावून दाखवतात, बघा चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील, पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असल्याने आपल्या पाण्यात ते लवकर गंजतं. बिलावर ३०४ लिहून घ्या, भैया कां-कूं करायला लागला तर दुसरं दुकान बघा.

घरात रांगणारं मूल असेल तर मात्र ॲसिडची बाटली आणि ब्लेड यांच्यासाठी उंचावर बंद कपाट हवंच, तिथे मी रॅकचा आग्रह धरणार नाही. ज्यांच्याकडे बारा महिने नर्मदेचंच पाणी पुरतं, किंवा शॉवर काचेआड वेगळा आहे, त्यांना आरशाचा त्रास बहुधा जाणवणारही नाही, त्यांनी खुशाल कपाट घ्यावं. बाकी बोरिंगवाल्यांनी साधा आरसा बेसिनवर, हात लागणार नाही असा, आणि रॅक शॉवरच्या थेट धारेपासून थोडी बाजूला, बसल्या जागी हात पोचेल इतक्या उंचीवर. चिकटवायची असेल तर टाइलवरचा क्षार आधी काढून ती पूर्ण वाळू द्या, नाहीतर वजन पडलं की निघते. मिस्त्रीकडून भोकं पाडून घ्याल तर टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा, नाहीतर टाइल तडकते.