ए.ए.: फी नाही, अर्ज नाही, बारावी पायरी मात्र घाईने चढायची नाही

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए.ए.) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या मदतीसाठी चालवलेली संघटना. तिच्या मीटिंगला फी नाही, नोंदणी नाही, ओळखपत्र कुणी मागत नाही. दारू सोडायची इच्छा असावी एवढी एकच अट, आणि ती इच्छाही दारात सिद्ध करावी लागत नाही. मीटिंगमध्ये थैली फिरते. तीत सदस्य दहा-वीस रुपये टाकतात. नवख्याने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. खोलीचं भाडं, चहा आणि पुस्तिका त्यातूनच निघतात. बाहेरच्या माणसाची देणगी इथे घेत नाहीत. भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी नसलेलं सेवाकार्य आपल्याकडे इतकं विरळा की हे आधी खरंच वाटत नाही.

मुंबईत बऱ्याच मीटिंगा संध्याकाळी शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरतात. तास-दीड तास चालतात. प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेकाचं शेअरिंग, म्हणजे आपापली हकिगत सांगणं. कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. ओपन मीटिंगला घरची माणसं बसू शकतात, क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारूचा प्रश्न आहे तो. समूहागणिक वातावरण बदलतं, म्हणून एका मीटिंगवरून 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवू नये. निदान तीन-चार वेगवेगळे समूह पाहावेत. आणि पाच मिनिटं आधी पोचावं, कारण नवख्याशी निवांत बोलणं मीटिंगच्या आधी नाहीतर नंतर चहावर होतं, मधल्या वेळात नाही.

ए.ए.चा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा. या सेवेची खरी किंमत मात्र त्यातल्या बाराव्या पायरीत आहे. सावरणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याकडे जायचं. ही परोपकाराची जोडगोष्ट नव्हे. संस्थाच तिच्यातून निघाली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयातून दारू सोडून बाहेर पडला आणि दिसेल त्या बेवड्याला उपदेश करत सुटला. पाच-सहा महिन्यांत त्याच्यामुळे एकही जण सुटला नाही. पण तो स्वतः प्यायला नाही, हे त्याच्या बायकोने त्याच्या लक्षात आणून दिलं. मे १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला त्याचा एक व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत समोर बार दिसत होता. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि चर्चच्या यादीवरून फोन करत दुसरा एखादा दारूडा शोधून काढला. तो होता डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. या वेळी बिलने उपदेश केला नाही, स्वतःची हकिगत सांगितली. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि हाच दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानतात.

हे नुसतं श्रद्धेवर उभं नाही. अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच' या मोठ्या उपचार-अभ्यासाची आकडेवारी २००४ मध्ये याच प्रश्नासाठी पुन्हा तपासली गेली. उपचारानंतरच्या वर्षात इतर मद्यपींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के अजिबात प्यायले नाहीत, मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. जो आधीच बरा आहे तोच मदतीला जातो, हा आक्षेप इथे रास्त आहे आणि तो पूर्ण पुसला जात नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात मात्र २७ अभ्यास होते, त्यात ए.ए.कडे पद्धतशीर वळवणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस दिसले. फुकटच्या सेवेला एवढा पुरावा क्वचितच मिळतो.

आता बाराव्या पायरीचं काम कसं चालतं आणि कुठे बिघडतं ते पाहू.

पिणाऱ्याच्या भेटीला दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. त्यातल्या एकाची सोब्रायटी, म्हणजे दारूशिवायचा काळ, जुनी हवी. पुरुषाकडे पुरुष, बाईकडे बाई. समोरचा तर्र असेल तर चर्चा करायची नाही. आपण कोण ते सांगून नंबर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं, कारण हँगओव्हरमधल्या माणसाच्या कानात जेवढं शिरतं तेवढं रात्री शिरत नाही. बोलायचं ते स्वतःच्या पिण्याबद्दल. 'तू दारू सोड' हे वाक्य त्याने हजारदा ऐकलेलं असतं. पैसे द्यायचे नाहीत, नोकरी लावून देण्याचा शब्द द्यायचा नाही, बायकोशी चाललेल्या भांडणात पंच व्हायचं नाही. उपाशीपोटी, चिडलेले किंवा थकलेले असताना जायचंच नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो: कामावरून सुटून, न जेवता, रात्री नऊला कुणाला तरी 'आणायला' बारमध्ये शिरलेला तीन महिन्यांचा सोबर माणूस स्वतःच तिथे बसतो.

दुसरी बिघाडाची जागा म्हणजे गुरुबाजी. साठ-नव्वद दिवस झाले की झोप लागते, चेहऱ्यावर तुकतुकी येते, घरात मान मिळायला लागतो आणि माणूस लगेच दुसऱ्याचा स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला पायऱ्यांतून नेणारा सोबती, व्हायला निघतो. त्याने मदत जरूर करावी, पण खुर्च्या लावण्याची, चहा करण्याची, नवख्याला दारातून आत आणण्याची. ही कामं हलकी नाहीत. त्यांच्यामुळे मीटिंगला यायचं कारण तयार होतं. स्पॉन्सर व्हायला स्वतःचा स्पॉन्सर असावा, बारा पायऱ्या एकदा नीट करून झालेल्या असाव्यात आणि सोब्रायटीला निदान वर्ष झालेलं असावं. नियमपुस्तकात हे असं बांधून दिलेलं नाही, पण ज्या समूहांत हे पाळतात ते टिकतात. ज्याला मदत केली तो पुन्हा प्यायला की नवा स्पॉन्सर कोसळतो. त्याच्या स्लिपचा, म्हणजे पुन्हा पिण्याचा, हिशेब आपल्या खात्यात मांडायचा नाही, हे आधीच शिकवलेलं असावं लागतं.

तिसरी जागा गंभीर आहे. नवीन आलेल्या बाईशी, किंवा पुरुषाशीही, मदतीच्या नावाखाली जवळीक साधणारे लोक काही समूहांत सापडतात. जुने सदस्य त्याला कुचेष्टेने 'तेरावी पायरी' म्हणतात. बायकांची संख्या कमी असलेल्या मीटिंगमध्ये हा धोका जास्त, म्हणून नव्या बाईने शक्य तर बायकांची मीटिंग शोधावी, नाहीतर ओपन मीटिंगला कुणाला तरी सोबत घेऊन जावं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतात. गुप्ततेचा आग्रह धरणाऱ्या संघटनेत ही फट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आणि चौथी, जीवावर बेतणारी: ए.ए.ला इस्पितळ समजणं. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज एवढं किंवा याहून जास्त पिणाऱ्याने एका मीटिंगने भारावून झटक्यात बंद केलं, तर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत केव्हाही फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, थरथर, ताप आणि भ्रम सुरू होऊ शकतो. याला डॉक्टर आणि बऱ्याचदा दाखल होणं लागतं. ग्लुकोजची सलाईन चढवण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का, हे नातेवाइकाने विचारायलाच हवं. मीटिंगमध्ये कुणी 'मानसोपचाराच्या गोळ्याही नशाच, त्या सोड' म्हणालं तर त्याला गप्प करावं. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असं ए.ए.चं स्वतःचं साहित्यच सांगतं. तसंच दारू सोडवणारी डायसल्फिराम ही गोळी भाजीत कालवून देणं घरच्यांनी थांबवावं. गोळी पोटात असताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

म्हणून आपल्याकडे चांगला चालणारा क्रम असा: आधी वैद्यकीय देखरेखीखाली दारू उतरवणं, मग व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम, मग मीटिंग. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, जे १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलं, बरे झालेल्यांनाच कार्यकर्ते आणि समुपदेशक करण्याची रीत मराठी घरांत ओळखीची केली. ए.ए.शी तिचं नातं जवळचं असलं तरी एक फरक ध्यानात ठेवावा: केंद्रातलं काम पगारी असू शकतं, बारावी पायरी कधीच नाही. केंद्रात काम करणाऱ्या सोबर माणसाने दिवसभर ऐकलेली दुःखं ही आपली मीटिंग झाली असं धरू नये. त्याला ड्युटीबाहेरची, जिथे तो 'सर' नसतो अशी मीटिंग लागते. ती बंद पडली की काही महिन्यांत घसरण येते, आणि तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या पेशंटांचा विश्वासही जातो.

देवाचं काय? पायऱ्यांत 'आम्हाला उमगलेला परमेश्वर' आहे, आणि काही समूहांत प्रार्थनेचा सूर एवढा लागतो की नास्तिक माणूस अवघडतो. समूहालाच उच्च शक्ती मानून पायऱ्या करणारेही आहेत, त्यांना शोधावं. चिडून बाहेर पडण्याइतका हा मुद्दा मोठा नाही. बारा पायऱ्यांची सगळीच भाषा ज्याला पेलत नाही, त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सगळ्यांना एकच औषध लागू पडतं असं मानायचं कारण नाही.

ए.ए.ला फोन करणाऱ्या घरच्यांसाठी: बायकोने किंवा आईने फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'पिणारे स्वतः बोलतील का?' हा टाळण्याचा बहाणा नसतो. न बोलावता दारात उभ्या राहिलेल्या दोन सोबर माणसांचा अपमान होण्यापलीकडे काही होत नाही. तो बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी आपल्यापुरतं अल-अनॉनच्या, म्हणजे मद्यपींच्या घरच्यांसाठीच्या, मीटिंगला जावं, आणि उपचाराच्या चौकशीसाठी १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावावा. तो तयार असेल तर भेट दुसऱ्या दिवशी सकाळची ठरवा, आणि ते दोघं आले की घरच्यांनी आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यावं.