वर्दी, बिल्ला की फोटो? मराठवाड्यात लष्करी वस्तू जमवणाऱ्याने सुरुवात कुठून करावी

पहिला पैसा कशावर टाकू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : घरात फौजेतलं कुणी होतं का? मराठवाड्यात ठरलेलं उत्तर येतं, "हो, आजोबा निजामाच्या फौजेत होते." मग पेटीतलं सामान बघितलं की अनेकदा कळतं, आजोबा निजामाच्या फौजेत नव्हतेच.

घोळ 'हैदराबाद' या शब्दाचा आहे. निजामाची स्वतःची फौज एक. तिची लान्सर, म्हणजे भालाईत घोडेस्वारांची, तुकडी पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनपर्यंत गेली होती. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती हैदराबादची. दुसरं हैदराबाद कंटिंजंट नावाचं सैन्य, ज्याच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोलीत होत्या. खर्च निजामाच्या माथी, अधिकारी इंग्रज. १९०३ मध्ये हे कंटिंजंट सरळ इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळलं, १९२२ मध्ये त्याच्या पायदळातून १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. म्हणजे १९व्या हैदराबादचा बिल्ला निघाला तर तो १९२२ ते १९४५ या काळातला, आणि निजामाचा नव्हे. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघू.

बिल्ला स्वस्त, खिशात मावणारा, म्हणून नवखा माणूस तिकडेच वळतो. आणि फसतोही तिथेच. मी पहिला बिल्ला दीड हजाराला घेतला, इंग्रजांच्या काळातल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा म्हणून. त्यावरचा मुकुट मधोमध खचलेला होता. १९०१ पासून स्वातंत्र्यापर्यंतच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी वर फुगलेल्या असतात. हा खचलेला मुकुट राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीतला. आपल्या सैन्याने तर १९५० मध्येच मुकुट काढून अशोकाचे सिंह लावले. म्हणजे माझा बिल्ला ज्या काळातला म्हणून विकला गेला, त्या काळात तो मुकुटच नव्हता. विकणाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "भाऊ, पितळ तर खरं आहे ना."

ठशाने दाबलेल्या बिल्ल्याची रेघ धारदार, पाठ साफ. साच्यात ओतलेल्यावर बारीक खड्डे, कडेला कानस फिरवल्याच्या खुणा. पण ओतीव म्हणजे खोटा, असं लगेच धरू नका. इथल्या पलटणी बाजारातल्या कारागिराकडूनही बिल्ले ओतून घेत. म्हणून मी पाठीमागची कडी आणि ती जोडल्याचा डाग (झाळण) बघतो : कडीखाली मळ साचलाय की डाग नवाकोरा चकाकतोय? ब्रासो पॉलिशने घासलेला बिल्ला मात्र मी परत ठेवतो, पुरावा पुसून टाकल्यावर बघायचं काय?

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्या जागी खंजीर आला. स्तंभाचा बिल्ला मिळाला तर काळ आपोआप सांगितला जातो.

या गटात पदकाची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक चांदीचं, त्यामुळे किती तरी सराफ्यात वितळली. असलं नाव असलेलं पदक दिसलं तर मी घासाघीस करत नाही.

वर्दी सगळ्यात बोलकी आणि सांभाळायला सगळ्यात त्रासाची. खाकी ड्रिलच्या, म्हणजे जाड सुती कापडाच्या, कोटाची पितळी बटणं मागून कडीने अडकवलेली असतात, धोब्याने आपटायच्या आधी काढून ठेवता यावीत म्हणून. खांद्यावर बिल्ला काढल्याची भोकं आणि भोवती न विटलेला गडद तुकडा असेल, तर तो तुकडा बिल्ल्याच्या आकाराशी जुळवून बघा. शिवणीतला एक धागा जाळा : सुताची राख होते, टेरीकॉटचा धागा वितळून मणी होतो. अतिनील टॉर्चचाही गाजावाजा आहे, जुनं कापड चमकत नाही म्हणतात. पण आजीने तो कोट कधी डिटर्जंटमध्ये बुडवला असेल तर अस्सल सूतही निळसर चमकतं. मी फक्त आतल्या शिवणीत टॉर्च मारतो. आणि १७ सप्टेंबरच्या शाळेच्या नाटकात रझाकार झालेल्या पोरांची खाकीही 'निजामकालीन' म्हणून फिरते, हेही सांगून ठेवतो. शिवाय पावसाळ्यात कसर लागते ती वेगळीच. नवख्याने वर्दी दोन वर्षं तरी घेऊ नये, असं माझं मत.

फोटो. माझं माप इथेच झुकतं. बहुतेक वेळा तो विकत घ्यावाच लागत नाही. घरच्यांपुढे स्कॅन करून परत करता येतो. चांदीच्या रसायनावर छापलेल्या जुन्या कृष्णधवल फोटोच्या गडद भागात, विशेषतः कडेला, आरशासारखी झाक येते; प्लास्टिकसारखा कागद १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा. पट्टी, टोपी, बेल्ट सगळं एकत्र दिसतं. फसवतो तोही. त्या काळच्या बऱ्याच फिल्मा लाल रंगाला आंधळ्या, त्यामुळे लाल पट्टा काळा आणि निळा पांढुरका दिसतो; पदकाच्या फितीचा रंग फोटोवरून ठरवू नका. हाताने रंगवलेल्या फोटोतला रंग तर स्टुडिओवाल्याच्या मनातला. पुरुषी कोटाची डावी बाजू उजवीवर येते. उलटी दिसली तर निगेटिव्ह पालथी छापली आहे. आणि हात जोडतो, लॅमिनेशन करू नका.

जालन्याच्या एका घरात असा फोटो मिळाला. मिशा पिळलेला तरुण, छातीवर दोन फिती, खांद्यावर पलटणीची पट्टी. दोन तास भिंग लावून मी पलटण ओळखली, खूश झालो. चहा आणणाऱ्या आजींना मोठ्या रुबाबात सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "कोट ह्यांचा न्हाई. थोरल्या दिराचा. लग्नाला फोटो पाठवायचा व्हता म्हणून घातला व्हता." ते वाक्य मी त्यांच्या परवानगीने, मऊ पेन्सिलीने, तारीख घालून फोटोच्या मागे लिहिलं. मग विचारलं, "दिरांचा फोटो आहे का?"