अ‍ॅसिडिटीचं जेल सिरप: मोठ्यांना चालेल, तान्ह्याला नको

गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत, ठाण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये ही बाटली चिठ्ठीशिवाय मिळते. मोठ्यांच्या जळजळीवर उत्तम, पाचपैकी चार तारे. पण बाळ दूध ओकतंय म्हणून हीच बाटली आठवडेच्या आठवडे पाजली जाते. त्या वापराला आमच्याकडून शून्य.

लेबल वाचा. अशा बऱ्याच सिरपांत 5 मिलीमागे 250 मिग्रॅ अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. 4 किलोच्या बाळाला अडीच मिली दिवसातून चारदा दिलं की 500 मिग्रॅ पोटात गेलं, म्हणजे किलोमागे 125. साठ किलोच्या माणसाने दोन-दोन चमचे चारदा घेतले तरी किलोमागे 33च होतात. "थोडंसंच देतो" हे म्हणणं इथेच कोसळतं.

अ‍ॅल्युमिनियम आतड्यात दुधातलं फॉस्फेट धरून ठेवतं आणि ते शीवाटे निघून जातं. फॉस्फेटशिवाय हाडात कॅल्शियम बसत नाही, मग कॅल्शियम कितीही पाजा. मनगटं रुंद होतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात: मुडदूस. रक्तात फॉस्फरस खाली, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या अशा आजारात वाढणारं एन्झाइम) वर. व्हिटॅमिन डी कमी असलं तरी चित्र बरंचसं असंच दिसतं, म्हणून डॉक्टरांपासून ही बाटली लपवू नका. लघवीतलं फॉस्फेट तपासलं की उलगडा व्हायला मदत होते. सिरपमुळे असेल तर तेही खूप कमी येतं.

चिठ्ठीवरची ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही पोटातलं अ‍ॅसिड कमी करणारी औषधं वेगळी. त्यांत अ‍ॅल्युमिनियम नाही. तरी 2019 साली अमेरिकेतल्या लष्करी कुटुंबांतल्या साडेआठ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींचा अभ्यास आला. पहिल्या वर्षात ही औषधं मिळालेल्या मुलांत पुढे हाड मोडण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि जितके दिवस औषध जास्त तितका धोका जास्त. औषधानेच हाड मोडलं असं यातून सिद्ध होत नाही. पण खरी गरज असली तरी कोर्स साधारण 4 ते 8 आठवड्यांचा असतो, त्यामुळे चिठ्ठीवर थांबवायची तारीख लिहून घ्याच. मनाने मात्र बंद करू नका.

ओकणं चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वात जास्त असतं आणि बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात थांबतं. वजन वाढतंय, बाळ खेळतंय, तर औषध लागत नाही. एका वेळी थोडं दूध, मध्ये एकदा ढेकर, मग 20-30 मिनिटं खांद्यावर उभं धरा, झोपवताना पाठीवरच. उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे, त्याच दिवशी.