रस्टडेस्क स्वतःच्या सर्व्हरवर: छोट्या सपोर्ट टीमने घ्यावं का?

सांगलीत विश्रामबागेत आमचं कॉम्प्युटर सपोर्टचं दुकान आहे. मी आणि हाताखाली दोन मुलं. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार, आहेत ते मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे, कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपांचे आणि मिरजेतल्या पॅथॉलॉजी लॅबचे. टॅली उघडत नाही, प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, जीएसटीच्या साइटवर डिजिटल सही लागत नाही, असली कामं आता गाडी न काढता होतात. त्यासाठी कुठलं रिमोट सॉफ्टवेअर, म्हणजे दुसऱ्याचं मशीन आपल्या जागेवरून चालवू देणारं, घ्यावं, हे साताऱ्या-कोल्हापूरचे आमच्याच धंद्यातले लोक नेहमी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही रस्टडेस्क वापरतो, तेही स्वतःच्या सर्व्हरवर. निवडताना वेग आणि किंमत मी दुय्यम धरली. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये कोण कोण शिरू शकतं, आणि शिरलेला माणूस त्याला दिसतो का, हे आधी बघितलं. अडत्याच्या मशीनवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या असतात, लॅबच्या मशीनवर पेशंटचे रिपोर्ट. आपल्या हाती दिलेला तो विश्वास आहे, आणि मला तो फार मोठा वाटतो.

२०२४ सालाने या बाबतीत सगळ्यांचेच डोळे उघडले. ॲनीडेस्क, स्क्रीनकनेक्ट, टीमव्ह्यूअर ही अशीच रिमोट सॉफ्टवेअर. फेब्रुवारीत ॲनीडेस्कने आपल्या सर्व्हरवर घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं, वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले आणि सॉफ्टवेअरवरच्या सहीचं प्रमाणपत्र बदललं. त्याच महिन्यात स्क्रीनकनेक्टमध्ये लॉगिनच टाळून आत जाता येईल अशी त्रुटी सापडली, तिला धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले. जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या ऑफिस नेटवर्कमध्ये शिरकाव झाला. ग्राहकांच्या जोडण्यांपर्यंत तो पोचला नाही, असं कंपनीने सांगितलं. या कंपन्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण मधला सर्व्हर दुसऱ्याचा असला की त्याच्या घरची चोरी आपल्या गिऱ्हाइकापर्यंत येऊ शकते, एवढं त्यातून घ्यायचं. स्क्रीनकनेक्टच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, ती बरेच जण विसरतात. ज्यांनी ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं होतं, त्यांना अपडेटही स्वतःच करावं लागलं. सर्व्हर आपला म्हणजे रखवालीही आपलीच. तेवढा वेळ काढता येत नसेल तर स्वतःच्या सर्व्हरच्या भानगडीत पडूच नका.

रस्टडेस्कचा कोड खुला आहे, आणि मोफत सर्व्हरचे दोन भाग असतात. एक आयडी ओळखून दोन मशीनची गाठ घालून देतो. दुसरा, थेट जोडणी होत नसेल तेव्हा, मधे राहून डेटा पुढे पोचवतो. मोबाइलच्या नेटवर चालणाऱ्या गिऱ्हाइकांना या दुसऱ्याची गरज बऱ्याचदा लागते. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये टीसीपीचे पोर्ट २१११५ ते २१११९ उघडायचे, त्यातला २१११६ यूडीपीवरही. वेब क्लायंट, म्हणजे ब्राउझरमधून चालणारं रस्टडेस्क, वापरणार नसाल तर शेवटचे दोन बंदच ठेवा. अगदी लहान क्लाउड सर्व्हरवर हे आरामात चालतं. आमचा मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलाय. दुकानातल्याच एखाद्या जुन्या मशीनवर का नाही, असं विचारणाऱ्यांनी २०१९ चा ऑगस्ट आठवावा. मारुती चौक, हरभट रोड पाण्यात होता आणि गिऱ्हाइकांना नेमकी तेव्हाच आपली सगळ्यात जास्त गरज होती.

सर्व्हर पहिल्यांदा चालू झाला की किल्लीची जोडी तयार होते. त्यातली सार्वजनिक किल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाच्या रस्टडेस्कमध्ये सर्व्हरच्या पत्त्यासोबत भरायची. ही पायरी गाळू नका. जोडणी एन्क्रिप्ट होणं, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणं, तिच्यावरच अवलंबून आहे.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला, पट्टीची प्रिंट अर्धीच निघत होती. त्यांनी रस्टडेस्क उघडून आयडी वाचून दाखवला. मी जोडणी मागितली तशी त्यांच्या स्क्रीनवर खिडकी आली. 'ताई, थांबा जरा,' म्हणाले, आणि आधी उघडी असलेली खातेवही बंद केली, मगच 'स्वीकारा'वर क्लिक केलं. मी काम करत होते तोवर कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत माझं नाव दिसत होतं, खाली कीबोर्ड, क्लिपबोर्ड, फाइल यांची चिन्हं. फाइलचं चिन्ह त्यांनी स्वतः बंद केलं. प्रिंट पूर्ण निघाल्यावर जोडणीही त्यांनीच तोडली. साठी ओलांडलेल्या माणसाला हे जमतं आणि पटतं, याहून मोठं प्रशस्तिपत्र मी कुठल्याच सॉफ्टवेअरला देणार नाही.

यासाठी सेटिंगमध्ये 'क्लिक करून स्वीकारा' एवढंच चालू ठेवायचं, कायमचा पासवर्ड ठेवायचा नाही. एखादा मुलगा काम सोडून गेला तर त्याच्या डोक्यात गिऱ्हाइकाचा कुठलाही पासवर्ड जात नाही, हा मोठा फायदा. विंडोजची ॲडमिन परवानगी विचारणारी खिडकी मात्र त्रास देते. रस्टडेस्क इन्स्टॉल न करता नुसती फाइल चालवली असेल तर त्या खिडकीवर आपल्याला इकडून क्लिक करता येत नाही, गिऱ्हाइकालाच 'येस' दाबायला सांगावं लागतं. एएमसी असेल तिथे रीतसर इन्स्टॉल करून ठेवा. आणि डाउनलोड फक्त अधिकृत साइटवरून किंवा गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या त्यांच्या पानावरून.

मोफत सर्व्हरची खरी उणीव म्हणजे कोण कधी कुणाच्या मशीनमध्ये गेलं याची नोंद एका जागी मिळत नाही. सामायिक ॲड्रेस बुक नाही, माणसागणिक अधिकार नाहीत. हे सगळं पैसे भरून मिळणाऱ्या प्रो सर्व्हरमध्ये आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे, तेव्हा नोंदीचा विषय हलक्यात घेऊ नका. आमच्याकडे रजिस्टर आहे: वेळ, गिऱ्हाईक, कारण, कोणी जोडणी केली, कधी तोडली. मुलांना कितीही घाई असली तरी ते भरल्याशिवाय कॉल बंद होत नाही.

रात्री माणूस नसताना ज्या मशीनमध्ये शिरावं लागतं, तिथे मी ही मोफत मांडणी सुचवणार नाही. पतसंस्था, लॅबचा सर्व्हर अशा ठिकाणी मेशसेंट्रल हे दुसरं रिमोट सॉफ्टवेअर बघा. तेही खुलं आणि मोफत आहे. प्रत्येक टेक्निशियनला वेगळं खातं, दुहेरी पडताळणी, मशीनचे गट, घटनांची नोंद, सगळं त्यात मिळतं. बसवायला रस्टडेस्कपेक्षा किचकट आहे, पण अशा जागी तेवढे कष्ट घ्यायलाच हवेत. आणि घरून टॅली बघता यावं म्हणून कोणी राउटरवर ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा) उघडून ठेवला असेल, तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम तो बंद करण्याचं करा.

गिऱ्हाइकांना आम्ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतो: आम्ही आपणहून फोन करून आयडी कधीच मागणार नाही, अडचण आली की तुम्ही दुकानाच्या नंबरवर फोन करायचा. बँकेचं नाव सांगून असलं ॲप टाकायला लावणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं, आणि तसले फोन अजून येतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. हा नंबर आम्ही मॉनिटरच्या कडेला चिकटवून येतो.

बसवायचं ठरवलंत तर सर्व्हरवरच्या किल्लीच्या दोन्ही फाइल्स पहिल्याच दिवशी कॉपी करून सुरक्षित ठेवा. खाजगी किल्ली कुणाच्या व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. सर्व्हर बदलायची वेळ आली आणि त्या फाइल्स नसल्या, तर नवी किल्ली भरायला मार्केट यार्डापासून मिरजेपर्यंत प्रत्येक मशीनपाशी जाऊन बसावं लागेल.