जिओ, एअरटेल, व्हीआय की बीएसएनएल: आधी ओट्यापाशी रेंज मोजा

स्पीड टेस्टचा काटा तीनशेच्या वर गेलेला कुणाचा तरी स्क्रीनशॉट पाहून सिम बदलू नका. असे स्क्रीनशॉट गच्चीवर काढलेले असतात. आपण फोन वापरतो तो स्वयंपाकघरात नाही तर आतल्या खोलीत. तिथून 'हॅलो, ऐकू येतंय का' करत गॅलरीत पळावं लागत असेल, तर ते तीनशे काय कामाचे?

फोनवरच्या काड्यांवरही भरवसा नको. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलचा उणे आकडा दिसतो. फोरजीवर उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११५ च्या पलीकडे गेला की रडगाणं सुरू. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीत उणे ९१ आणि ओट्यापाशी उणे ११७ येतात. अंतर दहा पावलांचं, मध्ये दोन भिंती. पाहुणे आले की चहा होईपर्यंत मी त्यांचा फोन ओट्यापाशी नेऊन हा आकडा बघून घेतो. लोक हसतात, पण दोन-तीन कंपन्यांची फुकट चाचणी होते.

या दोन भिंतींतच बरीचशी तुलना दडलेली आहे. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात, पण त्यांच्यावर डेटा कमी मावतो. जास्त फ्रिक्वेन्सीवर वेग मिळतो, पण भिंत आडवी आली की त्या ढेपाळतात. २०२२ च्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांच्या लिलावात भिंतीतून शिरणारं ७०० मेगाहर्ट्झ घेतलं ते एकट्या जिओने. वेगासाठी जिओ आणि एअरटेल दोघांकडे ३५०० च्या पट्ट्यातलं फाइव्हजी आहे. जिओचं फाइव्हजी स्वतःच्या पायावर उभं आहे. एअरटेलने सुरुवात केली ती फोरजीच्या आधाराने चालणाऱ्या फाइव्हजीने, म्हणजे घरात त्यांचं फोरजी नीट येत असेल तरच त्याची मजा. जाड भिंतींच्या घरात, तळमजल्यावर मी आधी जिओ तपासेन. पण फोनमध्ये ७०० चा बँड आहे ना, तेही बघेन. मोकळ्या, उंचावरच्या फ्लॅटमध्ये दोघांत फार डावं-उजवं करता येत नाही. तिथे जवळचा टॉवर कुणाचा, यावर सगळं ठरतं.

व्हीआयचं फाइव्हजी उशिरा आलं. मुंबईत मार्च २०२५ मध्ये, मग एकेका शहरात. फाइव्हजीसाठीच सिम घेणार असाल तर आपल्या भागात ते पोचलंय का, हे आधी बघा. फोरजीवर भागत असेल आणि ओट्यापाशी आकडा चांगला येत असेल, तर केवळ नाव मागे पडलं म्हणून व्हीआय सोडायचं कारण नाही.

बीएसएनएलची गोष्ट वेगळी. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, बीएसएनएलने वाढवले नाहीत. तेव्हा पोर्ट करून, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलून, तिकडे गेलेल्यांपैकी कित्येकांना स्वस्त रिचार्ज मिळाला आणि डेटासाठी ताटकळणंही. देशी बनावटीचं त्यांचं फोरजी देशभर अधिकृतपणे सुरू झालं ते सप्टेंबर २०२५ मध्ये. मात्र कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत अशी गावं आहेत जिथे टॉवर म्हणजे बीएसएनएलचाच. तिथे तुलनेचा प्रश्नच मिटतो.

गावावरून आणखी एक. मुंबई हे वेगळं सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा वेगळा विभाग आहे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. कंपन्या स्पेक्ट्रम सर्कलनुसार घेतात, त्यामुळे दादरला धावणारं सिम देवरुखला धावेलच असं नाही. त्यातून गणपतीत चाकरमानी गावी उतरले की आहे तो टॉवरही गुदमरतो. चाचणी घ्यायची तर तेव्हा घ्या, मे महिन्यातल्या निवांत दुपारी नको.

आईकडे अजून टूजीवाला बटणांचा फोन असेल तर जिओ यादीतून बाद; त्यांच्याकडे टूजी कधी नव्हतंच. बाकी तिघांचं त्यात चालतं. तिला डेटा नकोच असेल तर फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक मागा, दूरसंचार नियामक ट्रायने ते कंपन्यांना बंधनकारक केले आहेत.

खर्च जोडताना २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज, हे विसरू नका. जिओ आणि एअरटेलने २०२४ च्या दरवाढीनंतर अमर्याद फाइव्हजी रोज २ जीबी आणि त्यावरच्या पॅकपुरतंच ठेवलं. दीड जीबीचा पॅक मारून 'अमर्याद का नाही' म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. दोन कंपन्यांची दोन सिमं ठेवणं उत्तमच, पण दुसरंही रिचार्जवर ठेवावं लागतं.

ठरलं तरी लगेच पोर्ट करू नका. आधी त्या कंपनीचं नवं सिम घेऊन महिनाभर दुसऱ्या खाचेत ठेवा, कारण पोर्ट केलेला नंबर ९० दिवस हलवता येत नाही. मग इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून आपला नंबर, १९०० वर पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाचे दिवस धरा, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. मधल्या काही तासांत फोन बंद राहतो, बँकेचा ओटीपी येत नाही. घराचा हप्ता भरायचा असेल तो दिवस टाळा.